खानदेशातील रसायनतज्ज्ञांचा व्यावसायिक अनुभव : अमळनेरच्या वनस्पती उद्योगाच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (इ.स. १९४५ ते २०२२)

प्रस्तावना

आधुनिक भारताच्या विज्ञानविषयक इतिहासलेखनात मोठ्या शास्त्रज्ञांना आणि राष्ट्रीय पातळीवरील संस्थांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे स्थान विज्ञानावर उपजीविका करणाऱ्या सामान्य व्यावसायिकाला मिळालेले नाही. रसायनशास्त्राच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण रसायनशास्त्र हे जितके महाविद्यालयीन प्रयोगशाळेचे शास्त्र आहे तितकेच ते तेलगिरणी, साबण कारखाना, स्टार्च कारखाना आणि अन्नतपासणी कार्यालय यांचेही शास्त्र आहे. या ठिकाणी काम करणारा माणूस रोज नमुने तपासतो, अहवालावर सही करतो आणि त्या सहीच्या आधारे माल बाजारात जातो किंवा अडविला जातो. इतिहासात मात्र त्याची नोंद आढळत नाही.

मराठी समाजव्यवहारात या व्यवसायाला सर्वमान्य असे नावही लाभलेले नाही, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी. 'केमिस्ट' हा शब्द उच्चारला असता जळगाव किंवा धुळे शहरातील सामान्य नागरिकाच्या डोळ्यांसमोर औषधाचे दुकान उभे राहते. 'रसायनशास्त्रज्ञ' ही संज्ञा विद्यापीठातील संशोधकासाठी राखून ठेवलेली दिसते. कारखान्यातील प्रयोगशाळेत पाळीने काम करणारा पदवीधर या दोन्ही शब्दांच्या मध्ये राहतो. प्रस्तुत निबंधात अशा व्यक्तीसाठी 'रसायनतज्ज्ञ' ही संज्ञा वापरली आहे.

खानदेश म्हणजे प्रस्तुत संदर्भात जुने पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश हे दोन जिल्हे होत. इ.स. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन जळगाव हे पूर्व खानदेशचे व धुळे हे पश्चिम खानदेशचे मुख्य ठिकाण झाले. पुढे या जिल्ह्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे अशी नावे मिळाली आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. कापूस, भुईमूग, तीळ आणि केळी ही पिके असलेल्या या प्रदेशात रासायनिक उद्योग आला तो प्रामुख्याने शेतमालाच्या मागोमाग आला. म्हणून येथील रसायनतज्ज्ञाचा इतिहास हा शेतीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. खानदेशात रसायनशास्त्रावर आधारित व्यवसाय कोणत्या परिस्थितीत उदयास आला याचा शोध घेणे.
२. वनस्पती तूप निर्मितीच्या संदर्भात रसायनतज्ज्ञाच्या दैनंदिन कामाचे व जबाबदारीचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. व्यवसायाच्या कसोट्या आणि समाजाचे हित यांच्यातील संबंध कसे बदलत गेले याचे विवेचन करणे.
४. या व्यावसायिक समुदायाच्या अनुभवांचे इतिहासलेखनातील स्थान निश्चित करणे.

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून उद्योगाचा इतिहास, अन्नविषयक कायदे आणि तेल-रसायनशास्त्राचे तांत्रिक ज्ञान या तिन्ही अंगांनी विषयाची मांडणी केली आहे.

अनुभवकथनाची परंपरा आणि तिची मर्यादा

रसायनतज्ज्ञांनी एकत्र येऊन आपले अनुभव परस्परांना सांगावेत या हेतूने पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकातच संस्था स्थापन झाल्या. लंडनची केमिकल सोसायटी १८४१ मध्ये व अमेरिकन केमिकल सोसायटी १८७६ मध्ये अस्तित्वात आली. १८७७ मध्ये ब्रिटनमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ केमिस्ट्री ही आणखी एक संस्था निघाली. तिचा उद्देश संशोधन प्रसिद्ध करणे हा नसून व्यवसाय करणाऱ्याची पात्रता ठरविणे हा होता. अन्नभेसळीविरुद्धचा ब्रिटिश कायदा १८७५ मध्ये झाला होता आणि न्यायालयात साक्ष देणारा विश्लेषक खरोखर जाणकार आहे की नाही हा प्रश्न त्यामुळे पुढे आला होता. अन्नातील भेसळ आणि रसायनतज्ज्ञाची व्यावसायिक प्रतिष्ठा यांचा हा संबंध पुढे भारतातही दिसून येतो.

भारतात आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या अध्यक्षतेखाली १९२४ मध्ये इंडियन केमिकल सोसायटीची स्थापना झाली. राय यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी आत्मचरित्राच्या शीर्षकातच 'एका बंगाली रसायनतज्ज्ञाचे जीवन व अनुभव' असा आशय आहे. बंगाल केमिकलच्या आरंभीच्या काळात हाडांपासून फॉस्फेट तयार करताना घराच्या गच्चीवर हाडे वाळत घालावी लागली आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी सहन कराव्या लागल्या, यासारखे प्रसंग त्यातून कळतात. उद्योग उभारताना शास्त्राइतकीच व्यावहारिक अडचणींशी झुंज द्यावी लागते, हे या कथनातून स्पष्ट होते.

महाराष्ट्राच्या संदर्भात डॉ. कमला सोहोनी यांचा अनुभव महत्त्वाचा आहे. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला असता, केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रथम नकार मिळाला. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी पुढे एक वर्षाच्या परीक्षाकालाच्या अटीवर त्यांना प्रवेश दिला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली. हा अपमान त्यांनी उत्तर आयुष्यात जाहीरपणे बोलून दाखविला, म्हणूनच तो इतिहासाचा भाग झाला.

या दोन्ही उदाहरणांतून एक गोष्ट सिद्ध होते. ज्यांनी संस्था स्थापन केल्या किंवा ज्यांनी एखादी गोष्ट प्रथम केली, त्यांचेच अनुभव प्रामुख्याने लिहिले गेले. ज्यांनी तेच काम तीस-पस्तीस वर्षे नोकरी म्हणून केले त्यांच्या अनुभवाला कथनाचे रूप मिळाले नाही. खानदेशातील रसायनतज्ज्ञ हे दुसऱ्या गटात मोडतात.

अमळनेर : १९४५

अमळनेर हे तापी खोऱ्यातील सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील गाव. प्रताप शेठ यांच्या औदार्यामुळे येथे कापड गिरणीबरोबरच विद्येलाही आश्रय मिळाला. तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना १९१६ मध्ये झाली आणि साने गुरुजी येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. खानदेश शिक्षण मंडळाचे प्रताप महाविद्यालय १९४५ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी, २९ डिसेंबर १९४५ रोजी, मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांच्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड या कंपनीची नोंदणी झाली आणि तिचा कारखाना अमळनेर येथे उभा राहिला. एकाच गावात एकाच वर्षी विज्ञान शिकविणारी आणि विज्ञानाचा औद्योगिक वापर करणारी अशा दोन संस्थांचा उदय झाला, ही बाब खानदेशच्या आधुनिक इतिहासात लक्षणीय मानावी लागेल.

कंपनीचे मुख्य उत्पादन वनस्पती तूप हे होते. तेल शुद्ध करताना उरणाऱ्या साबणयुक्त गाळाचा उपयोग करून '७८७' हा कपडे धुण्याचा साबणही तयार केला जाई. १९६६ मध्ये संस्थापकांचे निधन झाल्यावर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी यांनी अमेरिकेतील शिक्षण अर्धवट सोडून कंपनीची सूत्रे हाती घेतली. पुढे हीच कंपनी विप्रो या नावाने माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात जगभर प्रसिद्ध झाली. विप्रोवरील लेखनात अमळनेरचा उल्लेख बहुधा आरंभीच्या परिच्छेदात येतो आणि तेथेच संपतो. गावकऱ्यांनी जपून ठेवलेल्या समभागांच्या वाढलेल्या किमतीच्या कथाही वारंवार सांगितल्या जातात. परंतु त्या कारखान्यात प्रत्यक्षात कोणते शास्त्र चालत होते, याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

वनस्पती तुपाचे रसायन व प्रयोगशाळेतील काम

वनस्पती तूप हे हायड्रोजनीकरणाचे फळ होय. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबाटिए यांनी निकेल या धातूच्या सान्निध्यात असंपृक्त पदार्थांना हायड्रोजन जोडता येतो हे दाखविले आणि त्यासाठी त्यांना १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. द्रवरूप तेलाला ही क्रिया लागू करण्याचे एकस्व जर्मनीतील विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये घेतले. भारतात १९३७ मध्ये बाजारात आलेल्या 'डालडा'मुळे हा पदार्थ घरोघरी पोहोचला.

भुईमुगाच्या तेलातील मुक्त आम्ले प्रथम अल्कलीने काढून टाकली जातात. नंतर विरंजक मातीने तेलाचा रंग कमी केला जातो. त्यानंतर निकेलची बारीक भुकटी मिसळून, उच्च तापमानास व दाबाखाली तेलातून हायड्रोजन सोडला जातो. तेल पुरेसे घट्ट झाले की निकेल गाळून काढतात, निर्वातात वाफ सोडून वास घालवितात आणि शेवटी ठरावीक प्रमाणात जीवनसत्त्व अ मिसळून डबे भरतात. हे डबे योग्य गतीने थंड केले तरच ग्राहकाला आवडणारा तुपासारखा रवा पडतो.

या प्रत्येक टप्प्यावर रसायनतज्ज्ञाची गरज लागते. तेलाचे आम्ल मूल्य किती, म्हणजे अल्कली किती घालावी. आयोडीन मूल्य कितीवर आले, म्हणजे हायड्रोजन केव्हा बंद करावा. केशनलिकेतील नमुना किती तापमानाला घसरतो, म्हणजे विलयबिंदू मर्यादेत आहे की नाही. तयार मालात निकेलचा अंश राहिला आहे काय, या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेतून आल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. कायद्याने विलयबिंदूची मर्यादा घालून दिली होती, जीवनसत्त्व अ चे प्रमाण प्रति ग्रॅम किमान २५ आंतरराष्ट्रीय एकके असे ठरले होते आणि निकेलचे प्रमाण दशलक्ष भागांत दीड भागापेक्षा अधिक असू नये असे बंधन आले होते.

संयंत्र दिवसरात्र चालते. त्यामुळे रसायनतज्ज्ञाचे कामही पाळ्यांत विभागले जाते. त्याच्या कामात एक अंगभूत ताण असतो. उत्पादन विभागाला माल लवकर बाहेर काढावयाचा असतो, तर प्रयोगशाळेला निष्कर्षाची खात्री करून घ्यावयाची असते. आयोडीन मूल्याच्या अनुमापनाला वेळ लागतो आणि तोपर्यंत तापलेले तेल थांबवून ठेवावे लागते. चुकीचा आकडा दिला तर संपूर्ण घाणा वाया जाण्याचा धोका आणि उशिरा दिला तर उत्पादन खोळंबल्याचा ठपका, अशा कात्रीत त्याला निर्णय घ्यावा लागतो. अनुभवी रसायनतज्ज्ञ तेलाच्या वासावरून, रंगावरून आणि थंड काचेवर थेंब गोठण्याच्या पद्धतीवरून पुष्कळसा अंदाज बांधू शकतो. परंतु अंदाज नोंदवहीत लिहिता येत नाही, तेथे आकडाच लिहावा लागतो. हे अनुभवजन्य ज्ञान पुस्तकात नसल्यामुळे ते एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे केवळ सहवासातून जाते.

भाषेचा प्रश्नही येथे उद्भवतो. खानदेशातील कामगार अहिराणी बोलतो, वरिष्ठांशी व्यवहार मराठीत किंवा हिंदीत होतो आणि प्रयोगशाळेचा अहवाल इंग्रजीत लिहिला जातो. अहवालातील आकड्याचा अर्थ यंत्रावरील माणसाला त्याच्या बोलीत समजावून सांगणे हे रसायनतज्ज्ञाच्या कामाचा अलिखित भाग असते. शास्त्र आणि श्रम यांच्यातील हा दुभाषी म्हणून त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

तिळाचे तेल : कायदा, भेसळ आणि विश्वास

वनस्पती तूप दिसावयास तुपासारखे असल्याने ते साजूक तुपात मिसळले जाऊ लागले. महात्मा गांधींनी या फसवणुकीवर टीका केली होती. स्वातंत्र्यानंतर वनस्पतीच्या उत्पादनावर बंदी घालावी असा आग्रह संसदेत पंडित ठाकूरदास भार्गव यांनी धरला. वनस्पती तुपाला रंग द्यावा म्हणजे ते ओळखू येईल, अशी सूचना पुढे आली. परंतु निरुपद्रवी, टिकाऊ आणि सहज काढून टाकता न येणारा रंग कोणता, हे ठरविणे कठीण गेले. रतनजोतसारख्या वनस्पतिजन्य रंगांचाही विचार झाला.

या वादात व्यवहार्य ठरलेला उपाय रसायनशास्त्राने दिला. वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचे तेल मिसळणे बंधनकारक करण्यात आले. १९४७ च्या वनस्पती तेल उत्पादने नियंत्रण आदेशाने या उद्योगावर नियमनाची चौकट घातली. तिळाच्या तेलात असा घटक असतो की तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांच्याबरोबर हलविले असता आम्लाच्या थरास गुलाबी ते लाल रंग येतो. ही बोदुअँची कसोटी होय. तुपाच्या नमुन्यात हा रंग दिसला तर त्यात वनस्पती मिसळल्याचा संशय बळावतो. म्हणजे पदार्थाला वरून रंग न देता त्याच्या आत एक सुप्त खूण ठेवण्यात आली आणि ती वाचण्याचे काम रसायनतज्ज्ञाकडे सोपविण्यात आले.

खानदेशात तीळ हे परिचित पीक. संक्रांतीला ज्या तिळाचे स्नेहाचे प्रतीक म्हणून वाटप होते तोच तीळ तुपातील खोटेपणाचा साक्षीदार ठरला. मात्र ही कसोटी वाटते तितकी सोपी नव्हती. नमुन्यात आधीच काही विशिष्ट रंगद्रव्ये असली तर केवळ आम्लानेही लाली येते. त्यामुळे फरफ्युरल न घालता वेगळी तपासणी करून पाहणे आवश्यक असते. हा भेद न पाळल्यास निर्दोष विक्रेत्यावर आरोप येण्याची शक्यता राहते.

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ मध्ये मंजूर झाला व १९५५ पासून अमलात आला. या कायद्याने सार्वजनिक विश्लेषक या पदाला मोठे महत्त्व दिले. त्याच्या अहवालावर खटला उभा राहत असे आणि आरोपीच्या मागणीवरून दुसरा नमुना केंद्रीय अन्न प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूद होती. केंद्रीय प्रयोगशाळेचा निष्कर्ष भिन्न आला तर तो अंतिम मानला जाई. अशा रीतीने कारखान्यातील रसायनतज्ज्ञ आणि शासकीय विश्लेषक हे दोघे एकाच शास्त्राचे विद्यार्थी असूनही एकमेकांचे काम तपासणारे झाले. त्यांना जोडणारा दुवा कोणतीही संघटना नसून समान कसोटी हा होता. एकाने अमळनेरमध्ये केलेली तपासणी दुसऱ्याने अन्यत्र केली तरी उत्तर तेच यावयास हवे, ही अपेक्षा हाच या समुदायाचा खरा पाया होय.

कसोटीत न मावणारा प्रश्न

वनस्पती उद्योगातील रसायनतज्ज्ञांच्या कामाचे मूल्यमापन करताना एका कठीण प्रश्नाला सामोरे जावे लागते. १९९० मध्ये नेदरलँड्समधील मेन्सिंक व काटान यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की ट्रान्स मेदाम्लांमुळे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते आणि उपकारक कोलेस्टेरॉल कमी होते. ही ट्रान्स मेदाम्ले प्रामुख्याने अंशतः हायड्रोजनीकरण केलेल्या तेलात, म्हणजेच वनस्पती तुपासारख्या पदार्थात निर्माण होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये औद्योगिक ट्रान्स मेद अन्नातून हद्दपार करण्याचे आवाहन केले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल व मेदांतील ट्रान्स मेदाची मर्यादा टप्प्याटप्प्याने कमी करीत जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली.

येथे तांत्रिक मुद्दा समजून घेणे आवश्यक आहे. हायड्रोजनीकरण होत असताना तेलातील काही दुहेरी बंध पूर्णपणे संपृक्त न होता केवळ आपली रचना बदलतात. सिस रचनेचे ओलेइक आम्ल सुमारे १३ ते १६ अंश सेल्सिअसला वितळते, तर त्याच्याच ट्रान्स रूपाचे, म्हणजे इलेडिक आम्लाचे विलयबिंदू सुमारे ४५ अंश आहे. म्हणजे ट्रान्स बंध तयार झाला की कमी हायड्रोजन वापरूनही तेल घट्ट होते. आयोडीन मूल्याच्या कसोटीत मात्र सिस आणि ट्रान्स असा भेद दिसत नाही, कारण ती कसोटी केवळ दुहेरी बंधांची संख्या मोजते. विलयबिंदूच्या कसोटीने तर या घट्टपणाला एक प्रकारे मान्यताच दिली. रसायनतज्ज्ञाच्या टेबलावरील दोन्ही प्रमुख कसोट्यांतून हा पदार्थ निर्दोष ठरून बाहेर पडत होता.

हायड्रोजनीकरणात असे समघटक तयार होतात हे शास्त्राला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ठाऊक होते. परंतु त्याचा आरोग्याशी असलेला संबंध प्रस्थापित झालेला नव्हता. ट्रान्स बंध मोजण्यासाठी अवरक्त वर्णपटमापन किंवा वायु-वर्णलेखन लागते आणि नेहमीच्या तपासणीत त्याची मागणी कायद्यानेही केलेली नव्हती. तेव्हा ज्या रसायनतज्ज्ञांनी त्या काळातील प्रत्येक नियम पाळून प्रामाणिकपणे अहवाल दिले, त्यांना आजच्या ज्ञानाच्या आधारे दोषी ठरविणे हे इतिहासदृष्ट्या न्याय्य होणार नाही. त्याचबरोबर 'नियम पाळले' एवढ्याने प्रश्न संपतो असेही म्हणता येत नाही. वनस्पती तूप हे साजूक तूप न परवडणाऱ्या कुटुंबांचे अन्न होते. सणासुदीला त्यातच तळण होई. म्हणून कसोटीच्या मर्यादेचा भार शेवटी कमी उत्पन्नाच्या घरांनी वाहिला.

यातून व्यवसायाविषयीचा जो विचार निष्पन्न होतो तो असा की, कसोटी ही विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. तुपात वनस्पती आहे काय, हा प्रश्न समाजाने विचारला होता आणि त्याचे उत्तर तिळाच्या तेलाने दिले. वनस्पती स्वतः कसे आहे, हा प्रश्न विचारला गेला, पण तो मोजण्याचे योग्य साधन त्या वादात नव्हते. बंदीची मागणी करणाऱ्यांची शंका आणि उत्पादकांचा विश्वास हे दोन्ही त्या काळी अपुऱ्या पुराव्यावर उभे होते.

अमळनेरपलीकडील खानदेश

वनस्पती उद्योगाव्यतिरिक्तही खानदेशात रसायनशास्त्राला शेतमालाने वाट दिली. जळगाव येथे भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळी भुकटीचा एक जुना कारखाना घेऊन तेथे कच्च्या पपईच्या चिकापासून पेपेन हे विकर शुद्ध स्वरूपात तयार करण्यास प्रारंभ केला. पेपेनची क्रियाशीलता हवेतील ऑक्सिजनमुळे झपाट्याने घटते. त्यामुळे शेतातून चीक गोळा करण्यापासून कोरडी भुकटी बनविण्यापर्यंत रसायनतज्ज्ञाला शेतकऱ्याच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे लागते. याच उद्योगसमूहाने पुढे पीव्हीसी नळ्या व ठिबक सिंचन यांत नाव मिळविले. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे मक्यापासून स्टार्च बनविण्याचा उद्योग उभा राहिला. मका गंधक डायऑक्साइडच्या पाण्यात भिजविल्यावर त्यातील प्रथिनांची पकड सैल होऊन स्टार्च मोकळा होतो, हे या उद्योगाचे मूलभूत तत्त्व होय.

शिक्षणाच्या क्षेत्रात खानदेशातील महाविद्यालये आधी मुंबई व नंतर १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली आणि २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. या विद्यापीठात रसायनशास्त्र व रासायनिक तंत्रज्ञान या दोहोंच्या अध्यापनाची सोय झाली. सेंद्रिय रसायनशास्त्राचे अभ्यासक प्रा. आर. एस. माळी यांनी या विद्यापीठाचे कुलगुरुपदही भूषविले. तरीही येथील अनेक पदवीधरांना नोकरीसाठी त्याच तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने गुजरातमधील अंकलेश्वर, वापी या औद्योगिक वसाहतींकडे जावे लागते. खानदेशातील महाविद्यालयांनी घडविलेले मनुष्यबळ अशा रीतीने दुसऱ्या प्रदेशातील प्रयोगशाळा चालविते.

या व्यवसायातील धोक्याचा विचार केल्याशिवाय विवेचन पूर्ण होत नाही. डिसेंबर १९८४ मधील भोपाळ दुर्घटनेनंतर कारखाना कायद्यात १९८७ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९८९ मध्ये घातक रसायनांविषयीचे नियम आले. असे असूनही ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे जिल्ह्यातील शिरपूरजवळच्या वाघाडी येथे एका रसायन कारखान्यात स्फोट होऊन किमान बारा जणांचा मृत्यू झाला. कागदावरील सुरक्षितता आणि प्रत्यक्षातील सुरक्षितता यांच्यातील अंतर या घटनेने खानदेशाच्या दारात आणून ठेवले. रसायनाचा धोका ज्याला शास्त्राने कळतो आणि ज्याला तो केवळ सोसावा लागतो, या दोघांमध्ये संवाद असणे ही जीवनमरणाची बाब आहे. पूर्वी उल्लेखिलेले दुभाषीपण येथे किती मोलाचे ठरते हे वेगळे सांगावयास नको.

साधनांचा प्रश्न

धुळे येथे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आहे. खेडोपाडी फिरून जीर्ण कागद वाचविण्याचा संस्कार राजवाडे यांनी महाराष्ट्राला दिला. ज्या निष्ठेने सनदा, पत्रे व वंशावळी जतन केल्या गेल्या, ती निष्ठा कारखान्यातील प्रयोगशाळेच्या नोंदवह्यांच्या वाट्याला आलेली नाही. कायद्याने ठरविलेली मुदत संपली की व्यावसायिक कागदपत्रे रद्दीत जाणे हा सर्वत्र आढळणारा व्यवहार आहे. वस्तुतः एका नोंदवहीतून कोणत्या वर्षी कोणते तेल वापरले गेले, भुईमुगाची जागा आयात तेलाने केव्हा घेतली, कोणत्या हंगामात तेलाचे आम्ल मूल्य वाढले, म्हणजे पर्यायाने दाणा कोठे भिजला, हे सर्व कळू शकते. शेतीच्या आणि आहाराच्या इतिहासाचे ते विश्वसनीय साधन आहे.

त्याचप्रमाणे निवृत्त रसायनतज्ज्ञ, महाविद्यालयीन प्रयोगशाळा साहाय्यक व शासकीय विश्लेषक यांच्या मुलाखती घेऊन मौखिक इतिहास संकलित करणे निकडीचे आहे. १९६० व १९७० च्या दशकांत नोकरीस लागलेली पिढी आज वार्धक्यात आहे. हाताने केलेल्या अनुमापनाची जागा स्वयंचलित उपकरणांनी घेतल्याने या पिढीचे कौशल्यही तिच्याबरोबरच लुप्त होण्याची शक्यता आहे. जिल्ह्यातील इतिहास व रसायनशास्त्र या दोन विभागांनी मिळून हे काम हाती घेतल्यास ते आंतरविद्याशाखीय संशोधनाचे उत्तम उदाहरण ठरेल.

निष्कर्ष

१. खानदेशातील रासायनिक व्यवसाय भुईमूग, तीळ, पपई, मका यांसारख्या शेतमालाच्या आधाराने उभा राहिला. त्यामुळे येथील रसायनतज्ज्ञ हा शेतकरी, कामगार व ग्राहक या तिघांच्या मध्ये उभा असलेला व्यावसायिक होय.
२. या समुदायाला एकत्र बांधणारे सूत्र संघटनेपेक्षा समान कसोट्यांचे आहे. वनस्पती तुपातील तिळाच्या तेलाची तरतूद हे त्याचे ठळक उदाहरण होय.
३. ट्रान्स मेदाच्या अनुभवावरून असे दिसते की कायद्याने नेमून दिलेल्या कसोट्यांत उत्तीर्ण होणे आणि समाजाच्या दृष्टीने निर्दोष असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपली कसोटी काय मोजत नाही याची जाणीव ठेवणे हा रसायनतज्ज्ञाच्या व्यावसायिक जबाबदारीचा भाग मानला पाहिजे.
४. शास्त्राची भाषा आणि श्रमिकाची बोली यांतील अंतर कमी करण्याचे काम रसायनतज्ज्ञ अनौपचारिकपणे करीत आला आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने या कामाला प्रशिक्षणात औपचारिक स्थान देणे गरजेचे आहे.
५. प्रयोगशाळेच्या नोंदवह्या व निवृत्तांच्या आठवणी ही स्थानिक इतिहासाची मौल्यवान साधने असून त्यांचे जतन तातडीने व्हावयास हवे. अन्यथा खानदेशाच्या औद्योगिक इतिहासात मालकांची नावे राहतील, उत्पादनांची नावे राहतील आणि त्या प्रत्येक डब्यामागे सही करणारा माणूस मात्र अनामिकच राहील.